तीन रिकामे रकाने

२० जानेवारी १९९७, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी वही. दोन वर्षं डोंबिवलीत आत्याकडे राहून कॉम्प्युटर क्लासात ‘हा माऊस, हा कीबोर्ड’ करत होते. एकदाची सुटले त्यातून. आता तीन महिने बाळकुमच्या मच्छीमार संस्थेत. काम सोपं आहे. त्यांच्या जुन्या ३८६ मशीनवरचं डॉस काढून विंडोज ९५ चढवायचं, आणि होड्यांची नोंदवही नव्या प्रोग्रॅममध्ये आणायची. चेअरमनसाहेबांना मोठी हौस. ठाण्यातल्या कुठल्याही संस्थेकडे नाही असं आपल्याकडे हवं, असं ते तीनदा म्हणाले.

ऑफिस म्हणजे पत्र्याचं बैठं घर. पुढचं दार गावाकडे, मागची भिंत थेट खाडीवर. त्या भिंतीला गजांची खिडकी आहे आणि खिडकीखाली दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. भरतीचं पाणी वरच्या पायरीला लागलं की खिडकी उघडते. होडीवाला जाताना तिथे नाव सांगून जातो आणि परत आला की तिथेच उभं राहून स्वतःच्या तोंडाने नाव सांगून ‘आयलो’ म्हणतो. आतल्याने ते ऐकायचं, चेहरा बघायचा आणि मग ‘आला’च्या रकान्यात लिहायचं. ‘आला हो तो, मी पाहिला’ असं दुसऱ्या कोणी सांगून चालत नाही. बायको सांगत आली तरी नाही.

हे सगळं मला भिवाजीकाकांनी सांगितलं. ते इथले कारकून, साठीचे, अंगाने बारीक, बोलणं तोलूनमापून. बंदरावर कामाला येणारं नवं माणूससुद्धा पहिल्या दिवशी त्या खिडकीशी उभं राहून नाव सांगतं, ‘आले’ म्हणतं आणि मगच आत येतं, अशी इथली रीत. मला म्हणाले, बाय, पाणी भरलंय, जाऊन ये. पायऱ्यांवर बोटभर शेवाळ आणि माझ्या पायात कालच घेतलेल्या चपला. मी म्हटलं, काका, मी तुमच्यासमोर उभी आहे, अजून काय सांगायचं? आणि हसत पुढच्या दाराने आत गेले. ते हसले नाहीत.

राहायची सोय छान झाली आहे. ऑफिसपासून दहा पावलांवर मनुबाईचं घर, तिथे एक खोली.

२२ जानेवारी, बुधवार

मशीनची परीक्षा घेतली. बॅटरी मेलेली, त्यामुळे रोज सकाळी त्याला वाटतं की आज १ जानेवारी १९८० आहे. भिवाजीकाका रोज हाताने तारीख घालतात. बिचारं मशीन! प्रोग्रॅम आठेक वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिलेला, पण बरा आहे. सुरू झाला की सगळ्यात आधी पडद्यावर येतं: ‘बाहेर: ३’. खाली तीन नावं.

मोरू, १९८६.
रामा, १९९२.
दामाजी, होडी नंबर १, १९७९.

हे तिघं गेले ते आलेच नाहीत. कोणाचंच काही सापडलं नाही. त्यांचा ‘आला’चा रकाना रिकामा ठेवलेला. भिवाजीकाका रोज सकाळी मशीनसमोर हात जोडून ती तीन नावं मोठ्याने वाचतात, प्रत्येकाच्या पुढे ‘बाहेर आहे’ म्हणतात आणि मगच चहा घेतात. तिघांनाही जाताना खिडकीतून त्यांनीच पाहिलेलं, नोंदही त्यांच्याच हातची. रामा हा तर त्यांचा धाकटा भाऊ. मला हसू येत होतं, पण भावाचं ऐकल्यावर आवरलं.

२५ जानेवारी, शनिवार

मनुबाई म्हणजे दामाजीची बायको. अठरा वर्षं झाली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. रकाना रिकामा आहे तोवर ती सवाष्ण, असं गावच मानतं. जेवण देते, चांगलं देते, पण ताट पुढ्यात आपटते. माझ्याशी बोलायची वेळ आली तर भिंतीकडे बघून बोलते. मी घाटावरची, मासळीच्या वासाने नाक मुरडणारी, हे तिने पहिल्याच दिवशी शेजारणीला मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मी काही नाक मुरडलं नव्हतं. जरा मुरडलं असेल.

गावही तसंच आहे. मी नळावर गेले की बायका बोलायच्या थांबतात. काल कीबोर्डवर कोणीतरी चिखलाचा बोळा ठेवून गेलं. मी तो उचलून टाकला आणि स्पिरिटने एकेक बटण पुसलं. असल्यांना मी भीक घालत नाही. आमच्या कराडला याहून खडूस माणसं पाहिली आहेत मी.

३० जानेवारी, गुरुवार

आज झालं! आधी छोट्या फ्लॉप्यांवर सगळी माहिती उतरवली. मेमरी वाढवली, बॅटरी नवी घातली. मोठ्या फ्लॉपीचा जुना ड्राइव्ह काढून वर्तकनगरच्या दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला. हार्ड डिस्क फॉरमॅट केली आणि मग तेरा फ्लॉप्या, एकीमागून एक. नवव्या फ्लॉपीला मशीन अडलं तेव्हा जीव वर आला होता, पण दुसऱ्यांदा घातल्यावर घेतली. संध्याकाळी पाचला पडद्यावर निळं आभाळ आणि पांढरे ढग आले. चेअरमनसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आणले.

कपाटातल्या जुन्या कागदी वह्या वाळवीने खाल्लेल्या होत्या. त्या साहेबांना विचारून रद्दीत घातल्या. जुना प्रोग्रॅम आणि जुन्या नोंदी एका मोठ्या फ्लॉपीवर आहेत. भिवाजीकाकांनी ती माझ्या हातात देऊन जपून ठेव म्हणून सांगितलं. ती वाचणारा ड्राइव्हच आता नाही, पण म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून खोलीवर बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहे.

सकाळची तीन नावं आता येत नाहीत. भिवाजीकाका ढगांसमोर हात जोडून थोडा वेळ उभे राहिले आणि मग खुर्चीत बसले. चहा घेतला नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

नवा फॉर्म तयार झाला. त्यात मी दोन गोष्टी मुद्दाम घातल्या. तीन दिवसांहून जुन्या नोंदीत ‘आला’चा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. आणि एकदा जतन केलेली नोंद, रिकामा ‘आला’ भरणं सोडलं तर, कोणालाच बदलता येणार नाही. कारकुनांच्या खाडाखोडीवर हाच उपाय.

मोरू, रामा, दामाजी तिथेच अडकले. फॉर्म त्यांना घेईना. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, काहीतरी भरा आणि ते जुनं एकदाचं निकालात काढा. मागची तारीख फॉर्म घेत नाही, तेही माझंच डोकं. म्हणून पुढच्या तारखा दिल्या. एकदम तिघं नकोत, खिडकीत गर्दी होईल, लग्नाला पाहुणे येतात तसे एकेक येऊ देत, म्हणून मोरूला ६ फेब्रुवारी, रामाला ७, दामाजीला ८. एंटर. फॉर्मने मुकाट घेतलं.

चाचणीसाठी एक नोंद माझ्याही नावाने टाकली. होडीचा नंबर लागतो, म्हणून यादीतली पहिली घेतली. तारीख ८. ‘जाणार: उत्तरा.’ मजेत चाललं. आम्ही सगळे प्रोग्रॅमवाले हेच करतो, आपलं नाव टाकून बघतो.

भिवाजीकाकांना दाखवलं तेव्हा त्यांनी पडदा दोनदा वाचला. मग मला विचारलं, तू यांचा चेहरा बघितलास का? आवाज ऐकलास का? मी म्हटलं, काका, हे फक्त रकाने आहेत. ते छत्री न घेताच घरी निघून गेले.

५ फेब्रुवारी, बुधवार

बातमी गावभर झाली. सकाळी दाराच्या कडीला जाळ्याचा तुकडा बांधलेला होता, त्यात मेलेला खेकडा. नळावर एक बाई माझ्या बादलीपुढे थुंकली. मोरूची आई जनाबाई, ऐंशीची म्हातारी, काठी टेकत ऑफिसच्या दारात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला खुर्ची दिली तर बसली नाही. अकरा वर्षांनी उद्या तिचा मुलगा येतोय असं मी लिहिलंय, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. मला लाज वाटली. उद्या सगळ्यांची माफी मागेन असं ठरवलं आहे.

गंमत म्हणजे मनुबाई एकदम गोड झाली आहे. आज ताट आपटलं नाही. माझ्याकडे बघून बोलली. दुपारी कासाराला बोलावून नव्या बांगड्या भरल्या, घर सारवलं, आणि संध्याकाळी मला विचारलं की शनिवारी भरती किती वाजता लागते. मी म्हटलं, दीडच्या सुमारास. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मला ती आपटणारी मनुबाई बरी वाटत होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी तीन वाजता लिहिते आहे. जसं झालं तसंच लिहायचं आहे.

भिवाजीकाका आज आले नाहीत. बाराला पाणी वरच्या पायरीला लागलं म्हणून मीच खिडकी उघडली. दोनतीन होड्या आल्या, नोंदी केल्या. माझं लक्ष पडद्यावर. मग दगडावर वल्हं टेकल्याचा आवाज आला, उजेड अडला, कोणीतरी उभं राहिलं. मी वर न बघताच नाव विचारलं. उत्तर आलं:

“मोरू. आयलो.”

आवाज साधा होता. थोडा बसलेला, सर्दी झाल्यासारखा. मला वाटलं गावातला कोणी टवाळ आहे. चिडून मान वर केली. उन्हाकडे पाठ असल्यामुळे चेहरा दिसला नाही, नुसता काळा आकार आणि त्यातून ठिबकणारं पाणी. मी काही बोलायच्या आत तो बाजूला झाला. खिडकीपाशी गेले तर पायऱ्यांवर कोणी नाही, होडी नाही, भरलेलं पाणी तसंच संथ. खिडकीच्या कठड्यावर चिखल होता आणि त्यात एक निवटी उड्या मारत होती. लहान मासा, डोळे वर आलेले. माझ्याकडेच बघत होती असं वाटलं.

पडद्यावर मोरूच्या नावापुढे बरोबरची खूण लागली होती. मी कीबोर्डला हात लावला नव्हता.

टवाळीच असणार. गावाला माझा राग आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी

टवाळी नाही.

जनाबाई घरात नाही. काल संध्याकाळी शेजारणीने तिला दारात बसलेली पाहिली होती. सकाळी दार आतून बंद. फोडून बघितलं तर अंथरूण चिखलाने भिजलेलं, काठी उशाशी, आणि म्हातारी नाही. खिडकी नाही त्या घराला. धुराडंही नाही.

मशीन सुरू केलं. ढग आले. त्यामागून फॉर्म आपोआप उघडला. आजच्या पानावर, ओहोटीच्या वेळेला, एक नवी ओळ:

‘गेले: मोरू, जनाबाई.’

मी तारखा पुसायचा प्रयत्न केला. फॉर्म बदलू देणार नव्हताच, म्हणून मूळ फाइल उघडून तिथून पुसल्या. फाइल बंद करून उघडली की पुन्हा तिथेच. पाच वेळा पुसल्या. मशीनची वायर भिंतीतून काढली, परत लावली. पुन्हा तिथेच.

दहाला भिवाजीकाका आले. हातात पिशवी. मला शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उभ्याउभ्याच सांगितलं. बुडालेल्याला घर आठवत नाही, वाट आठवत नाही. तो बाहेर आहे असं रोज सांगत राहिलं की तो बाहेर राहतो. ‘आला’ लिहिलं की त्याला यावंच लागतं. पण इथे त्याला राहता येत नाही. म्हणून तो ओहोटीला घरचं एक माणूस घेऊन जातो, सोबतीला. आता एकच उपाय आहे. ज्याने त्यांना जाताना पाहिलं त्याच्या हातची जुनी नोंद पुन्हा उघडायची आणि ‘बाहेर आहे’ म्हणून वाचायची.

मी म्हटलं, छोट्या फ्लॉप्यांवरची नक्कल माझ्या हातची, पण तुमची ती मोठी फ्लॉपी आहे माझ्याकडे. ड्राइव्ह परत आणते. आजच.

ते म्हणाले, आण. पण आज रामाचा दिवस आहे आणि रामाच्या घरचा मी एकटाच उरलोय. मी कल्याणला सासरी असलेल्या माझ्या लेकीकडे, मालूकडे जातो, तिसऱ्या मजल्यावर राहते ती. उद्या जिवंत असलो तर येऊन वाचतो. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले.

७ फेब्रुवारी, दुपारी

पावणेएक. मी खिडकी उघडली नव्हती. कडी लावली, वर टेबल लोटलं.

टेबल तिथेच होतं. कडी तिथेच होती. खिडकी उघडी होती.

“रामा. आयलो.”

या वेळी मी चेहरा बघितला. तो मी लिहिणार नाही.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी

वर्तकनगरला जाऊन आले. दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह अजून विकला नव्हता, सुटा करून ठेवला होता. मी जवळजवळ रडलेच त्याच्यासमोर. तो घाबरला आणि पुन्हा जोडून दिला. दिवेलागणीला खोलीवर पोचले. बिस्किटाचा डबा उघडला.

डबा रिकामा.

स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा वास. मनुबाई चुलीपुढे बसली होती, शांत. मी विचारायच्या आधीच म्हणाली की मीच घातली. अठरा वर्षं ते म्हातारं रोज सकाळी माझ्या नवऱ्याला ‘बाहेर आहे, बाहेर आहे’ म्हणून पाण्यात ढकलत होतं, असं म्हणाली. तू एकटीच निघालीस त्याला ‘ये’ म्हणणारी. तो मला न्यायला येतोय. मी जाणार. तू मध्ये आलीस तर बघ.

मग मला चहा दिला. कपाच्या कानाला काळी राख लागलेली होती.

मी तिच्यावर ओरडले, वाट्टेल ते बोलले. ती चूल फुंकत राहिली. खरं म्हणजे दुखत होतं ते दुसरंच. भिवाजीकाकांना मी काय सांगू?

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी नऊ

कल्याणहून मालूचा फोन. रडत होती. काका काल संध्याकाळी अंघोळीला गेले. आतून कडी. अर्ध्या तासाने दार तोडलं. बादली भरलेली, फरशीवर खाडीचा चिखल, काका नाहीत. तिसरा मजला. मला विचारत होती की बाबा तुमच्याकडे आले का. मी फोन ठेवला.

पळून उपयोग नाही हे तरी कळलं.

पडद्यावर: ‘गेले: रामा, भिवाजी.’

साडेदहा

आजचं पान मी मुद्दाम बघत नव्हते. मला वाटत होतं तिथे मनुबाईचं नाव येणार, तिला हवंच आहे, मग येऊ दे. वाईट आहे मी. पण असंच वाटत होतं.

आता बघितलं.

‘होडी १. जाणार: दामाजी, उत्तरा.’

माझी चाचणी. माझ्याच हातची. जतन केलेली. बदलता न येणारी.

अकरा

‘आली’ मीच भरलं. घेतलं. पान उघडलं — रिकामं. पुन्हा भरलं — रिकामं. चार वेळा. स्वतःचं स्वतः भरून चालत नाही. दुसऱ्याने ऐकावं लागतं. चेहरा बघावा लागतो. पहिल्या दिवशी काका सांगत होते. पाणी भरलं होतं. फक्त वरच्या पायरीवर उभं राहायचं होतं. मी चपला जपल्या.

सव्वाअकरा

मनुबाईला सांगितलं. दुसरं कोण आहे? गावातलं कोणीही माझ्या हाकेला दार उघडत नाही.

तिने माझ्या कानाखाली मारली. माझी जागा घेतलीस, म्हणाली. अठरा वर्षं मी बसले आणि माझ्या धन्याच्या होडीत तू बसणार? परत मारली. मी तिचे हात धरले. दोघी जमिनीवर बसून रडत होतो, एकमेकींच्या अंगावर.

मग तिने पदराने डोळे पुसले. विचार करून म्हणाली की तू ‘आली’ झालीस तर जागा रिकामी होईल.

हो.

बारा

ठरलं. पाणी वरच्या पायरीला लागलं की मी बाहेरून खिडकीशी उभी राहणार. ती आत, काकांच्या खुर्चीत. मी नाव सांगून ‘आले’ म्हणायचं. तिने ऐकायचं, माझा चेहरा बघायचा आणि एक बटण दाबायचं. तिला लिहितावाचता येत नाही. एंटरच्या बटणावर तिच्याच कपाळाचं कुंकू लावून दिलं आहे. लाल बटण दाब, दुसरं काही नको. तीनदा करून घेतलं. बोट बरोबर पडतं.

मग ती पुढच्या दाराने बाहेर येईल, इमारतीला वळसा घालून पायऱ्यांवर, आणि तिचा तो तिला घेऊन जाईल. हिरवं लुगडं नेसली आहे. केसांत अबोलीचा वळेसर. मला म्हणाली, “गो, मी बरी दिसताव का? माना वळखल का त्यो?”

मी हो म्हटलं. पहिल्यांदाच तिच्याशी खरं प्रेमाने बोलले.

एक वाजून दहा

पायऱ्यांवर आहे. वही गजांवर टेकून लिहिते. लिहिलं नाही तर पळत सुटेन. पाणी अजून एक पायरी खाली. मनुबाई आत. तिचं बोट लाल बटणावर. बोट सरळ आहे, ताठ. चांगली आहेस गं तू, मावशी.

एक वाजून वीस

पाणी वाढतंय. दोन बोटं राहिली. घाई करून चालणार नाही, पायरीला लागायला हवं. कोलशेतकडून एक होडी दिसते. लांब आहे. वल्हं हलत नाही तिचं, तरी येते.

मागे बघायचं नाही.

मनुबाईलाही सांगितलंय, माझ्याच चेहऱ्याकडे बघ. फक्त माझ्या.

एक सव्वीस

लागलं. पाणी लागलं. चपला भिजल्या.

म्हटलं. मोठ्याने. उत्तरा. आले —

ती माझ्याकडे बघत नाहीये.

माझ्या खांद्यावरून मागे बघते — ओठ हलतायत — मावशी इकडे बघ — बटण — बटण दाब —

उठली ती. हात गजांवर. अठरा वर्षांनी — हसते आहे. इतकी सुंदर —

मागे दगडावर वल्हं टेकलं.

“दामाजी. आयलो.”

बटण — मावशी, आधी बटण — नको जाऊ, तिथून नको — ती दाराकडे धावली. कडी काढते आहे. वळसा घालून यायला तिला वेळ लागेल. खुर्ची रिकामी. आत ऐकायला कोणी नाही.

खांद्यावर हात. थंड. ओढत नाहीये. नुसता ठेवलाय. वाट बघतोय माझी.

बांगड्या वाजतायत, भिंतीपलीकडून, धावत — थांबा म्हणते, मी आयले, मी आयले — त्याला ऐकू जात नाही — पाणी उतरायला लागलं —

कोणीतरी ऐका — कोणीही — उत्तरा, आ